तीन पत्ती : संभाव्यतेचे गणन

पत्त्यांचा एक जुगारी खेळ. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० हात संभवतात. अशी निवड मोजण्याची रीत भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) आढळते. तेथील उदाहरणे मात्र छंद, षड्रस इत्यादींची आहेत. दैवाच्या खेळांचे पद्धतशीर गणित पास्काल व फेर्मा यांच्या १६५४ मधील पत्रव्यवहारापासून सुरू होते. एक्का दोन्ही टोकांस धरल्यास एकाच रंगातील क्रमवार हात ४८, तर समान किमतीच्या तीन पानांचे ५२ निघतात. तरीही रूढीने दुसराच प्रकार श्रेष्ठ ठरतो, ही विसंगती सहसा ध्यानी येत नाही. जोडी, क्रम वा एकरंग नसलेले हात १६,४४० म्हणजे सुमारे ७४ टक्के असतात. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीस मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरविताना तीन पत्तीस सर्वस्वी दैवाधीन मानले. बोली लावण्यातील चातुर्य अर्थातच वरील आकड्यांत येत नाही.