भूपात नसलेली जोडी: पेटी, कॉर्ड आणि गोव्याचे वादक

१/ गणपतीच्या दिवसांत पेणमध्ये भजन रंगते ते पेटीच्या साथीने. एक हात भाता हलवतो, दुसरा चाल वाजवतो. पण १८४२ साली पॅरिसमध्ये आलेक्झांद्र देबँ यांनी हार्मोनियमचे पेटंट घेतले, तेव्हा भाता पायाने चाले आणि दोन्ही हात पट्ट्यांवर असत. तिथल्या संगीताला एकाच वेळी अनेक स्वर हवे होते. कशासाठी?

२/ सा-ग-प एकत्र दाबा: घरी पोहोचल्याचे स्थैर्य. ही झाली कॉर्ड. आता प-नी-रे-म दाबा. यातील म आणि नी यांचे अंतर सप्तकाला बरोबर मधोमध छेदते. कान अस्वस्थ होतो. मग नी अर्धा स्वर चढून ‘सा’वर जातो, म अर्धा स्वर उतरून ‘ग’वर येतो. ताण सुटतो, विसावा मिळतो.

३/ ही ओढ आपल्यालाही परिचित आहे. ‘नी’वर रेंगाळलेला गायक ‘सा’वर आला की आपण दाद देतोच. मात्र रागात षड्ज अढळ असतो. कॉर्डच्या संगीतात पायाच सरकत राहतो. शिवाय भूप रागात म आणि नी वर्ज्य आहेत. म्हणजे ताण निर्माण करणारी नेमकी ती जोडीच तेथे निषिद्ध!

४/ मुंबईच्या सिनेसंगीतात हा पेच रोज उभा राहत असे. तो सोडवण्यात मोठा वाटा गोव्याच्या वादकांचा होता. चर्चच्या शाळांत त्यांनी स्वरलेखन आणि व्हायोलिन आत्मसात केले होते. चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील ठळक नावे. संगीतकार चाल बांधी. तिच्याभोवती वाद्यमेळ रचण्याचे काम अरेंजर करी.

५/ गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ चा, गाव माजोर्डा. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणले. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले.

६/ १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यात त्यांचे नाव गाजले; ती शिष्य प्यारेलाल यांची गुरुदक्षिणा होती. नाव घराघरांत पोहोचले, माणूस मात्र अनोळखीच राहिला.

७/ जुन्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत संगीतकार ठळक दिसतो. अरेंजर अनेकदा शोधूनही सापडत नाही. म्हणून पुढच्या वेळी जुने गाणे ऐकताना चालीखालचे स्वर ऐका. आपल्या संगीताच्या इतिहासाचे एक पान तेथे, निनावी, वाजत आहे.