नानकटाई आणि आपण बायका



मंडळाच्या स्मरणिकेत तुम्हीही चार ओळी लिहा, असा आपल्या अध्यक्षबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणे मला जमायचे नाही. पण दिवाळीच्या ताटातल्या नानकटाईलाही इतिहास आहे, तो सांगते.

आपल्या शिराळ्याचा मोठा सण नागपंचमी. त्या दिवशी चिरणे नाही, तळणे नाही, चुलीवर तवा ठेवणे नाही. पुरणाची दिंडे वाफेवर उकडायची. उकडणे, तळणे, तव्यावर भाजणे हे सगळे आपल्या चुलीचे काम. भट्टीचा पदार्थ मात्र आपल्याकडे पाहुणा म्हणून आला. सुरतेला डच व्यापाऱ्यांची वखार होती. त्यांची बेकरी पुढे दोटीवाला या पारशी घराण्याकडे आली आणि तेथून नानकटाई सर्वत्र गेली, असे सांगतात.

या पाहुण्याला घरात यायला वेळ लागला. पाव-बिस्किटे खाल्ली म्हणजे धर्म बुडाला, असे मानणारे पुष्कळ होते. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली, तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. मागाहून हजर असलेल्यांची नावे छापून आली आणि केवढा गहजब झाला! लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवरही बालंट आले. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. शेवटी १८९२ साली रानड्यांनी मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून प्रायश्चित्त घेतले. एवढ्या थोर पुरुषांची ही गत, मग घरातल्या बाईने भट्टीची पायरी कशी चढावी?

पुढे बायकाच ती पायरी चढल्या. आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी दुपारी बायका डबे घेऊन भट्टीवर जात. वनस्पती तूप आणि पिठीसाखर समभाग, मैदा त्याच्या दुप्पट, वर वेलदोडा. तूप परातीत तळहाताने पांढरे, हलके होईपर्यंत फेसायचे. हात दुखून येई, पण त्यात कसूर झाली की नानकटाई दगडासारखी व्हायची. चुलीला आच खालूनच. नानकटाईला ती चहूबाजूंनी लागते. विटांची भट्टी पाव निघाल्यावरही पुष्कळ वेळ गरम राहते, आणि तीच मंद आच नानकटाईला मानवते. एकीच्या डब्यासाठी अशी भट्टी कोण पेटवणार? म्हणून सगळ्या जणी एकत्र.

तिथे नंबर लागे तो आलेल्या क्रमाने. जात, वाडा, पैसा कोणी विचारत नसे. पत्र्यात आपली नानकटाई ओळखू यावी म्हणून कोणी वर चारोळी लावी, कोणी बोटाने खूण करी. खोळंबा तास-दोन तासांचा, पण तो कोणाला नकोसा वाटत नसे. सासूला न सांगता येणारे दुखणे तिथे बोलले जाई. कुणाच्या मुलीला स्थळ कळे, कुणाला उसना मैदा मिळे. आणि ज्या घरी वर्षात दुःख झाले असेल, त्या घरी चूल फराळाला लागत नाही. त्यांच्या वाटणीच्या नानकटाया प्रत्येकीच्या डब्यातून निघत. ती यादी कोणी कागदावर लिहिली नव्हती, पण कोणतेही घर राहत नसे.

आता पुडा दुकानात मिळतो, काहींच्या घरी ओव्हनही आहे. सोय झाली, ती वाईट म्हणवत नाही. पण पुडा घरी आणणाऱ्या बाईला शेजारणीच्या घरचे दुःख कळत नाही. मागच्या दिवाळीत आपल्याच गल्लीतल्या एका घरी फराळाचे एकही ताट गेले नाही, हे आपल्याला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कळले.

म्हणून माझी सूचना अशी. यंदा वसुबारसेच्या आधी एक दुपार ठरवावी. साहित्य प्रत्येकीने आणावे, मंडळाच्या जागेत बसून तूप फेसावे, आणि पत्रे भाजायला भट्टीवर न्यावेत. पहिला पत्रा निघेल तो कोणाच्या घरी जायचा, हे मात्र आधी ठरवावे.