परजेवरचा काळा थर

खंडेनवमीला घरातली शस्त्रे घासूनपुसून पूजेला मांडायची, ही आपल्याकडची जुनी रीत. वर्धा जिल्ह्यात, आर्वीजवळच्या माझ्या आजोळी अशी एक तलवार होती. पाचवीत असताना ती चकचकीत करण्याचे काम माझ्याकडे आले. विटेची पूड आणि चिंच घेऊन मी तासभर मूठ घासली. परज, म्हणजे मुठीचा जो भाग वारापासून हाताचे रक्षण करतो तो, आरशासारखी झाली. पण तिच्यावरची रुपेरी वेलबुट्टीही निघून गेली. मी मळ काढला नव्हता, कारागिराचे काम पुसून टाकले होते, हे पुढे रसायनशास्त्र शिकताना कळले.

त्या नक्षीकामाला कोफ्तगरी म्हणतात. पोलादावर छिन्नीने अगदी बारीक उभ्या-आडव्या रेघा पाडून ते कानशीसारखे खरखरीत करायचे. त्यावर सोन्याची किंवा चांदीची तार नक्षीप्रमाणे ठेवून हलकेच ठोकायची. मऊ धातू खाचांत रुतून बसतो. डाख लागत नाही. शेवटी पृष्ठभाग घोटायचा आणि पोलाद तापवून निळसर-काळे करायचे, म्हणजे नक्षी उठून दिसते. हा थर फार पातळ असतो, म्हणूनच तो विटेच्या पुडीपुढे टिकत नाही.

नेमकी हीच युक्ती जपानी कारागीरही वापरत. तिथे पाते आणि मूठ यांच्यामध्ये तळहातापेक्षा थोडी लहान अशी एक चकती असते. तिला ‘त्सुबा’ म्हणतात. लोखंडी त्सुबावरचा गंज हा दोष मानत नाहीत. कारागीर क्षार लावून, तापवून तो मुद्दाम चढवीत आणि घट्ट, काळपट तपकिरी होईपर्यंत जोपासत. काही जण ती चकती चहात उकळत. चहातल्या टॅनिनचा लोखंडाशी संयोग होऊन काळा रंग येतो. हिरडा आणि हिराकस यांपासून आपल्याकडे काळी शाई करीत, त्यामागेही हीच अभिक्रिया आहे. ‘शाकुदो’ नावाच्या मिश्रधातूत तर तांब्यात थोडेसे सोने घालतात आणि तांब्याच्या क्षारांच्या द्रावणात तो उकळून जांभळट काळा करतात.

आता आपल्या जवळचे उदाहरण पाहू. बिदरचे आणि छत्रपती संभाजीनगरचे (पूर्वीचे औरंगाबाद) बिदरी काम पुष्कळांनी पाहिले असेल. हा मिश्रधातू मुख्यतः जस्ताचा. त्यात थोडे तांबे असते. ओतीव भांडे कानशीने साफ करून त्यावर मोरचूद चोळतात. ते काळे पडते आणि त्यावर कोरलेली रेघ पांढरी दिसते. खाचांत चांदी बसवून भांडे पुन्हा घासतात. मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप गरम भांड्यावर देतात. पृष्ठभागावरचे जस्त विरघळते, मागे राहिलेल्या तांब्याचा काळा थर तयार होतो. चांदी मात्र पांढरीच राहते.

याची पहिली पायरी वर्गात करून दाखवता येते. जस्ताची पट्टी मोरचुदाच्या द्रावणात बुडवा. काही क्षणांतच ती काळवंडते, कारण जस्त द्रावणात जाते आणि तांब्याचे सूक्ष्म कण पट्टीवर बसतात. मोरचूद विषारी आहे, म्हणून नंतर हात धुवायला विसरू नका.

या कारागिरांवर संकटही जवळजवळ एकाच वेळी आले. 1876 मध्ये जपान सरकारने सर्वसामान्य सामुराईंना तलवार बाळगण्यास बंदी केली. 1878 मध्ये ब्रिटिशांनी हिंदुस्थानात शस्त्र कायदा केला. तलवारींचे गिऱ्हाईक गेले. तिकडचे कारागीर निर्यातीच्या शोभेच्या वस्तूंकडे वळले. इकडे सियालकोट आणि पंजाबातल्या गुजरात गावचे कोफ्तगर पेट्या आणि तबके घडवू लागले. म्हणजे जुनी परज ही केवळ वस्तू नव्हे. संपत आलेल्या एका विद्येची ती नोंद आहे.

तेव्हा येत्या खंडेनवमीला विद्यार्थ्यांना एवढे सांगा. भुसभुशीत तांबडा गंज आणि घट्ट काळा थर यांत फरक आहे. पहिला वाढत जाऊन लोखंड खातो, त्याला आवर घालायला हवा. दुसरा बहुधा राखण्याजोगा असतो. वीट, चिंच, सँडपेपर दूर ठेवा. मऊ कोरडे फडके आणि तेलाचा हलका हात पुरे. आमच्या परजेवरच्या खाचा भिंगातून आजही दिसतात; चांदी तेवढी नाही.