माघारीचे इंगित

पत्त्यांच्या डावात मुरलेला खेळाडू आपल्या हातातील पानांइतकेच समोरच्याच्या चेहऱ्याकडे लक्ष देतो. पोकरसारख्या खेळात तर पैज पुष्कळदा पानांवर नव्हे, प्रतिपक्षाच्या चर्येवर लागते. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त इंगिताची व्याख्या नेहमीहून वेगळे वर्तन अशी केली आहे. मग ज्याची नेहमीची रीत ठाऊक नाही, त्याचे इंगित कळणार कसे?

पत्त्यांच्या नव्हे, राज्याच्या डावात हा प्रश्न मार्च १७३७ मध्ये दिल्ली दरबारापुढे उभा राहिला. अवधचा सुभेदार सादतखान याने दोआबात मल्हारराव होळकरांच्या तुकडीला मागे रेटले. ही माघार म्हणजे बाजीरावांचाच पळ, असा अर्थ लावून त्याने बादशहा महंमदशहाला विजयवार्ता धाडली. वस्तुतः शत्रूला गाफील ठेवून अनपेक्षित ठिकाणी प्रकट होणे ही मराठ्यांची जुनीच रीत. मोगल सरदारांना बगल देऊन बाजीराव थेट दिल्लीजवळ कालकादेवीच्या परिसरात उतरले. शहर न जाळता त्यांनी छावणी थोडी मागे घेतली. दरबाराने तेही दुर्बलतेचे लक्षण मानले. मीर हसनखान कोका प्रभृती सरदार शहराबाहेर पडले आणि रकाबगंजाजवळ पराभूत झाले.

एकच चूक दोनदा घडली. माघार दोन्ही वेळा खरी होती. चुकला तो तिचा अर्थ. प्रतिपक्षाच्या मुद्रेत माणूस अनेकदा त्याचे मन न वाचता स्वतःची इच्छाच वाचतो, आणि डाव तेथेच हरतो.