धोटा आणि फूल

पाचवीत असताना मी बाबांना सांगितलं होतं, "येताना शटल आणा." संध्याकाळी त्यांनी पिशवीतून जे काढलं ते हातभर लांबीचं, तेलानं काळं पडलेलं लाकूड होतं. होडीसारखं, मधे पोकळ, दोन्ही टोकांना लोखंडी टोच्या. मी रडवेली झाले. बाबा गोंधळले. "अगं, शटलच आहे की. जुनं आहे, टोकं घासून आणलीत, लागणार नाहीत तुला."

आम्ही इचलकरंजीचे. आमच्याकडे शटल म्हणजे धोटा, मागावर उभ्या ताण्यातून आडव्या बाण्याचा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा. मला हवं होतं ते बॅडमिंटनचं फूल. वर्गात सगळ्यांनी बाबांना हसून घेतलं आणि मीही त्यात सामील झाले. बाबाच बरोबर होते, हे कळायला कॉलेज उजाडलं.

तिथं इंग्रजी शब्दकोश चाळताना 'शटल' सापडलं. हा 'शूट'चा भाऊबंद. जुन्या इंग्रजीत त्याच्या पूर्वजाचा अर्थ होता फेकायचा बाण. विणकर धोटा बाणासारखा सोडतो म्हणून ते नाव मागाला चिकटलं. (आपल्या 'बाणा'चा आणि बाणाचा संबंध आहे असा माझा दावा नाही, पण वाचून हसू आलं खरं.) मग सोळाव्या शतकात इंग्रजांनी पिसं खोचलेल्या बुचाला 'शटलकॉक' म्हणायला सुरुवात केली. कोंबड्यासारखी पिसं म्हणून कॉक, आणि मागावरच्या धोट्यासारखं येरझारा घालतं म्हणून शटल. म्हणजे धोटा आधीचा, फूल नंतरचं.

गंमत इथंच संपत नाही. या जुन्या खेळाचं नाव होतं 'बॅटलडोर अँड शटलकॉक'. दोघांनी फूल खाली पडू न देता टोलवत राहायचं, जाळीबिळी काही नाही. यातल्या बॅटलडोरचा, म्हणजे बॅटचा, इंग्रजीतला आधीचा अर्थ आहे धुणं बडवायची लाकडी फळी. आपलं धोपाटणं! विणकराचा धोटा आणि परटिणीचं धोपाटणं, दोन्ही कष्टाची हत्यारं. त्यांची नावं उचलून लोक अंगणात खेळायला लागले.

पुढचा भाग तुम्ही ऐकला असेल. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्याकडच्या छावण्यांत मधे जाळी बांधली आणि सामने रंगायला लागले. पुण्यात हा खेळ इतका रुजला की त्याला 'पूना' असंच नाव पडलं. १८७३ च्या सुमाराचे पुण्यातले नियम प्रसिद्ध आहेत. इंग्लंडमध्ये ड्यूक ऑफ बोफर्टच्या 'बॅडमिंटन' नावाच्या हवेलीवरून खेळाचं बारसं झालं आणि पुणं मागे पडलं. पुढे सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरला विजेतेपद मिळवलं. बॅडमिंटनमध्ये आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. सांगलीहून आमचं गाव एसटीनं तासाभरावर. एका गावात फूल, शेजारच्या गावात धोटा.

खेळ पुण्यात पोचला तोवर मागावरचा धोटा मात्र पार बदलला होता.

आधी विणकर तो हातानं फेकायचा, एका हातातून दुसऱ्या हातात. कापडाचा पन्हा मोठा असेल तर हात पुरायचे नाहीत, म्हणून मागाच्या दोन बाजूंना दोन माणसं. एकानं फेकायचा, दुसऱ्यानं झेलून परत फेकायचा. अगदी खेळच. १७३३ मध्ये इंग्लंडमधल्या बरी गावच्या जॉन केनं धोट्याला चाकं लावली आणि दोरीचा झटका देऊन तो पळवायची युक्ती काढली. हाच तो धावता धोटा, शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेला. आता रुंद कापडालाही एकच विणकर पुरेसा झाला. विणकाम इतकं वेगात चाललं की सूतच कमी पडायला लागलं आणि सूतकताईची यंत्रं शोधणं भाग पडलं. केच्या पदरात काय पडलं? कारखानदारांनी त्याची युक्ती वापरली, पैसे मात्र दिले नाहीत. तो कोर्टात गेला, तर त्याच्याविरुद्धचा खर्च वाटून घ्यायला त्यांनी एक मंडळ काढलं. नाव काय, तर 'शटल क्लब'. आज हे नाव ऐकून आपण रॅकेट घेऊन पोचू. के शेवटी फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला, विठ्ठलराव दातारांनी बसवलेला. यंत्रमागावर माणसाच्या हाताऐवजी दांडा धोट्याला फटका मारतो. तो पलीकडच्या पेटीत शिरतो, तिथला दांडा त्याला परत टोलवतो. मिनिटाला शंभरावर वेळा, बारा-बारा तासांची पाळी. मामा वरेरकरांनी गिरणी कामगारांवरच्या कादंबरीला 'धावता धोटा' हे नाव उगीच दिलं नाही.

कधीकधी धोटा ताण्यात अडकून उसळतो आणि मागाबाहेर उडतो. बाबांच्या डाव्या भुवईवर पाच टाके पडले ते असेच. डोळा थोडक्यात वाचला. मालकानं दवाखान्याचं बिल दिलं आणि गैरहजेरीचा पगार कापला. मी तेव्हा दुसरीत होते. म्हणजे पाचवीतल्या मला त्यांनी खेळायला आणून दिला तो धोटा कसला होता, हे मला ठाऊक होतं. त्यांनी त्याची टोकं का घासली, हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही एवढंच.

आता गावात रॅपिअर आणि एअरजेट आलेत. एकात लोखंडी पट्टी धागा ओढून नेते, दुसऱ्यात हवेचा झोत. धोटा नाही, कांड्या भरणं नाही. या मागांना सगळे 'शटललेस' म्हणतात. बाबा काम करायचे तो कारखाना मोडला, माग वजनावर भंगारात गेले. बाबांना वाईट वाटलं का, असं मी विचारलं. "धोट्याचं कशाला वाईट वाटेल?" म्हणाले. "कामाचं वाटतं."

माझा तो धोटा अजून फडताळात आहे. आत आई सुया-दोरे ठेवते.

मे महिन्यात भाची राहायला आली होती. बाबा बाजारात निघाले तशी ती ओरडली, "आजोबा, शटल आणा!"

बाबा दारात थांबले. "पिसाचं की नायलॉनचं?"