एका मेक्सिकन खाणावळीचा इतिहास

तहनामे आणि दप्तरें चाळून इतिहास लिहिण्याची आम्हां अध्यापकवर्गास इतकी संवय जडली आहे कीं, इतिहास खाणावळीच्या टेबलावर येऊन बसला तर तो आम्हांस ओळखूं येत नाहीं. म्हणून आज एका साध्या खाणावळीकडे वाचकांचें लक्ष वेधावें असा मानस आहे.

1848 सालच्या तहानें कॅलिफोर्निया मेक्सिकोच्या हातून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे गेला. तेथील सॅन बर्नार्डिनो शहरांत रेल्वेच्या कारखान्यालगत मेक्सिकन मजुरांची वस्ती वाढली, आणि त्या वस्तींतून जाणाऱ्या माउंट व्हर्नन रस्त्यावर 1937 सालीं ल्युसिआ रॉड्रिग्ज या बाईंनीं ‘मितला कॅफे’ उघडला. मितला हें ओहाका प्रांतांतील एका प्राचीन झापोतेक स्थळाचें नांव. खाणावळ मात्र अगदीं साधी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं येऊन बसावें अशी.

येथील टाको प्रसिद्ध. मक्याची पातळ भाकरी दुमडून कुरकुरीत तळावयाची, आंत गोमांसाचा खिमा, वर लेट्यूसचीं पानें, टोमॅटोच्या फोडी आणि किसलेलें पिवळें चेडर चीज. चोखंदळ मंडळी यावर नाक मुरडतात. हें अन्न अस्सल मेक्सिकन नव्हे म्हणतात. आम्हांस हा आक्षेप पोकळ वाटतो. मका, टोमॅटो, मिरची हीं तेथील मूळचीं, गाय स्पॅनिश लोकांनीं आणली, चेडर इंग्लंडचें. सरहद्द माणसांच्या डोक्यावरून सरकली, तेव्हां हातीं लागलें तें त्यांनीं भाकरींत घातलें इतकेंच. (मिरचीही आमच्याकडे पोर्तुगीजांबरोबर तिकडूनच आली, म्हणून ठेच्यास कोणी परका म्हणत नाहीं.)

पुढें 1950 च्या सुमारास ग्लेन बेल नांवाच्या गृहस्थानें याच रस्त्यावर समोर हॅम्बर्गर विकण्याचें दुकान मांडलें. समोरची गर्दी पाहून तो टाको खाऊन पाहूं लागला, ते कसे करतात याचा छडा लावूं लागला, आणि लौकरच स्वतःही विकूं लागला. 1962 सालीं डाउनी येथें त्यानें ‘टाको बेल’ काढलें; तें नांव आज जगभर आहे. मितला 75 वर्षांहून अधिक काळ त्याच कुटुंबाकडे, त्याच रस्त्यावर राहिलें. टाकोस रस्ता ओलांडावयास फार वेळ लागला नाहीं.

तो करणाऱ्यांची गोष्ट निराळी. 1943 सालीं याच शहराच्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर मेक्सिकन वंशाच्या लोकांस मज्जाव होता. त्यांत कर भरणारे होते, जन्मानें अमेरिकन नागरिक असलेलेही होते. पाणी आणि मज्जाव यांचा संबंध मराठी वाचकांस समजावून सांगावयास नको. मितला ही त्या वस्तींतील पुढाऱ्यांची बसण्याउठण्याची जागा होती. ‘एल एस्पेक्तादोर’ पत्राचे संपादक इग्नासिओ लोपेझ यांनीं इतर सहकाऱ्यांसह नगराध्यक्ष सेकोम्ब व अन्य अधिकाऱ्यांविरुद्ध संघीय न्यायालयांत दावा लावला. समान संरक्षणाची हमी देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या आधारें न्यायाधीश लिऑन यांकविच यांनीं फिर्यादींच्या बाजूनें निकाल देऊन तलाव सर्वांस खुला करविला. निकाल 1944 सालचा आहे. शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरविणारा सुप्रसिद्ध ब्राउन खटल्याचा निकाल त्यानंतर 10 वर्षांनीं लागला.