दप्तराचा अधिकार आणि संगणकाचे कुलूप

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात असलेला बोदलकसा येथील तलाव १९१७ साली, मध्यप्रांताच्या राजवटीत, बांधून पूर्ण झाला. त्यानंतर या भूभागाची राजवट वारंवार पालटली. १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. आणि १९९९ मध्ये भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. या साऱ्या स्थित्यंतरांत धानशेती करणाऱ्या कुळाच्या हक्काचा एक आधार कायम राहिला, तो म्हणजे लिखित नोंद. ती नोंद कोणी वाचावी, कोणी लिहावी आणि कोणी पक्की करावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ कारकुनी स्वरूपाचा नाही. मेजावरील संगणकात साठविलेल्या माहितीसंग्रहाला, म्हणजे डेटाबेसला, कुलूप घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास हा याच प्रश्नाचा पुढील अध्याय होय.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते प्रथम लक्षात घेतले पाहिजे. कलम १५० अन्वये तलाठी फेरफाराची नोंद लिहितो. तिची सूचना चावडीवर लावली जाते. हरकती स्वतंत्र नोंदवहीत घेतल्या जातात. आणि पडताळणीनंतर वरिष्ठ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. कलम १५७ अन्वये अशी प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. ज्या नोंदीला इतके बळ द्यावयाचे, तिचा लेखक आणि प्रमाणक एकच असू नये, हे या व्यवस्थेचे मर्म आहे.

संगणकाच्या क्षेत्रात पासवर्डाची प्रथा १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे रूढ झाली. एकच यंत्र अनेकांनी वापरावयाचे असल्यामुळे प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राखणे अवश्य होते. परंतु पासवर्डांची यादी त्याच यंत्रात उघड्या स्वरूपात होती, आणि १९६२ मध्ये एका संशोधकाने ती सरळ छापून घेतली. किल्ल्यांचा जुडगा पेटीतच ठेवण्यासारखी ही चूक होती. मूळ पासवर्ड न साठविता त्याचे उलट न फिरविता येणारे रूपांतर साठवावे, ही पद्धत रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या आपल्या निबंधात विशद केली.

१९९२ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसने लहान कचेरीच्या संगणकावरही वापरकर्ते, त्यांचे गट आणि प्रत्येक गटाचे अधिकार अशी रचना आणली. वापरकर्त्यांची यादी माहितीच्या फायलीत न ठेवता वर्कग्रुप नावाच्या स्वतंत्र फायलीत ठेवली जाई. मात्र ‘ॲडमिन’ हा वापरकर्ता प्रत्येक प्रतीत एकच असे आणि आरंभी त्याला पासवर्ड नसे. त्याला पासवर्ड दिल्याखेरीज प्रवेशाची चौकटसुद्धा उघडत नसे. आणि माहितीची मालकी त्याच्याकडेच राहिली, तर दुसऱ्या कोणत्याही संगणकावरील ‘ॲडमिन’ ती फाइल निर्वेधपणे उघडू शके. यावर उपाय ठरलेला होता. नवी वर्कग्रुप फाइल करावी; नवा व्यवस्थापक नेमावा; ‘ॲडमिन’ला पासवर्ड देऊन व्यवस्थापकांच्या गटातून काढावे; मालकी नव्या व्यवस्थापकाकडे न्यावी; सर्वांचा जो सामान्य गट, त्याचे अधिकार काढून घ्यावेत; आणि मग वाचणारे, लिहिणारे व तपासणारे असे गट करून प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्यावा. यांतील एक पायरी वगळली, तरी कुलूप दिसत राही, पण दार उघडेच असे.

सर्व पायऱ्या पाळल्या तरी एक उणीव उरत होती. ज्याला फाइल वापरावयाची, त्याला ती ज्या जागी ठेवली आहे तेथवर पोहोचणे भाग असे. आणि जो तेथवर पोहोचला, तो संपूर्ण फाइल उचलून नेऊ शके. कोणी काय बदलले, याची वही ही प्रणाली आपण होऊन ठेवीत नसे. २००७ च्या आवृत्तीतील नव्या फाइल-प्रकारातून ही गटवार रचना वगळण्यात आली; पुढे तेथे संपूर्ण फायलीसाठी एकच पासवर्ड व गूढलेखन एवढेच राहिले. एक पासवर्ड सर्वांना ठाऊक असणे म्हणजे एकच मोहोर साऱ्या कचेरीने वापरणे होय. व्यक्तीनिहाय अधिकार हवे असतील, तर माहिती वापरकर्त्याच्या हाती न देता सर्व्हरवर ठेवणे प्राप्त झाले.

भूमी-अभिलेखांची वाटचाल याच दिशेने झाली. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने आठ जिल्ह्यांत अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रायोगिक आरंभ केला. त्यांत विदर्भातील वर्धा जिल्हा होता. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने अंकीय स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली. पुढे ई-फेरफार प्रणालीत फेरफार संगणकावर नोंदविला जाऊ लागला आणि तो प्रमाणित करण्याचा अधिकार मंडळ अधिकाऱ्याच्या अंकीय स्वाक्षरीशी जोडला गेला. संहितेतील दोन हातांची विभागणी येथे यंत्राच्या रचनेतच उतरली.

तथापि अधिकाराची विभागणी यंत्र सर्वस्वी राखू शकत नाही. एकाने आपली स्वाक्षरीची कळ व पासवर्ड दुसऱ्याच्या हाती दिले, की कलम १५० मधील दोन हात पुन्हा एक होतात, आणि कलम १५७ चे गृहीतक त्या एका हाताला लाभते. मग चुकीची नोंद खोटी ठरविण्याचा भार धानाच्या बांधीत उभ्या असलेल्या शेतकऱ्यावर पडतो. कुलपाची योग्यता ते किती बळकट आहे यावरून ठरत नाही. कोणत्या दोन व्यक्तींना ते परस्परांपासून वेगळे राखते, यावरून ठरते.